एकच रिसीव्हर, चार घरं, चार मतं

प्रश्न : आमचा हॉल १४ बाय १० फुटांचा. टीव्हीचा आवाज फारच पिचका वाटतो म्हणून ५.१ चा एव्ही रिसीव्हर घ्यायचं घरात ठरलं आहे. त्यासाठी ३५,००० रुपयांपर्यंत जायची तयारी आहे. एक मॉडेल मनात भरलं, पण तेच ज्यांच्या घरी आहे त्यांचं ऐकून गोंधळून गेलो. ऑफिसातले सहकारी म्हणतात, बेस नावालाही नाही. सोसायटीतल्या शेजाऱ्यांची तक्रार, की संवाद कळत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की भिंती हादरतात. अकोल्याचे साडू सांगतात, तापतो आणि मधेच बंद पडतो. न्यू जर्सीतला धाकटा भाऊ मात्र तेच मॉडेल तीन वर्षं वापरतोय आणि जाम खूश आहे. डिसेंबरात येताना एक घेऊन येतो म्हणतोय. यातलं खरं कुणाचं धरायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चौघांपैकी खोटं कुणीच बोललेलं नाही. पण आवाज चांगला की वाईट याबद्दल मालक जे सांगतो, त्यात त्याच्या खोलीचा, स्पीकरचा आणि मेनूतल्या सेटिंगचा वाटा मोठा असतो आणि यंत्राचा थोडा. डेनॉन, यामाहा, सोनी, ओंक्यो यांचे या किमतीतले रिसीव्हर एकाच खोलीत, त्याच स्पीकरना जोडून, आवाजाची पातळी नीट सारखी करून पाळीपाळीने ऐकवले, तर न बघता कुठला कुठला ते ओळखणं बहुतेकांना जड जाईल. सबवूफर दोन-तीन फूट सरकवला, तर मात्र घरातलं शाळकरी पोरही सांगेल की काहीतरी बदललं. म्हणून मी मालकांच्या मतांचे दोन ढीग करतो. आवाजाबद्दलची मतं त्या माणसाच्या घरासकट ऐकायची. तापणं, बंद पडणं, एचडीएमआयची कटकट, सर्व्हिस सेंटरचा अनुभव ही मतं मात्र जशीच्या तशी घ्यायची. तिथे मालकाइतका मोठा साक्षीदार दुसरा कुणी नाही.

आधी तुमच्या सहकाऱ्यांच्या बेसकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. त्यांना पहिल्यांदा हे विचारा, की सबवूफर कुठला जोडलाय? रिसीव्हर बाकीच्या पाच स्पीकरना ताकद पुरवतो, सबवूफरला फक्त सिग्नल देतो. सबवूफरच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर हवा आणि त्याला विजेची स्वतंत्र वायर हवी. जुन्या डीव्हीडी होम थिएटरच्या संचात येणारा सबवूफर पुष्कळदा नुसती पेटी आणि शंकू एवढाच असतो. तो या रिसीव्हरला जोडून बेसची वाट बघत बसलेली माणसं मला भेटली आहेत, आणि दोष प्रत्येक वेळी रिसीव्हरच्या माथी गेला आहे.

सबवूफर योग्य असेल, तर मग ते बसतात कुठे ते विचारा. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तुमच्याच हॉलचं गणित करून पाहा. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. या वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की ४० येतात. म्हणजे ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर तुमच्या हॉलमध्ये लांबीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. १० फुटांच्या रुंदीत हाच प्रकार ५६ हर्ट्झला होतो. स्फोट, ढोलाचा ठोका, इंजिनाची गुरगुर यांचा बराचसा जोर याच पट्ट्यात असतो. आता सोफा मागच्या भिंतीला टेकवून बसणारा माणूस म्हणेल, अहो नुसता घुमतोय. आणि हॉल मोकळा दिसावा म्हणून खुर्च्या मधोमध मांडणारा म्हणेल, बेसच नाही. रिसीव्हर तोच, सबवूफर तोच, हॉलही त्याच मापाचा, आणि मतं एकमेकांच्या अगदी उलट. यात यंत्र कुठेच आलं नाही.

यावर एक जुना उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही जिथे बसता तिथे ठेवा. बेसचा चालता सूर असलेलं एखादं गाणं लावा. मग कान सबवूफरच्या उंचीला येईल असे भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत जा. एका कोपऱ्यात सगळे सूर एकमेकांत मिसळून गदळ होतील, दोन पावलांवर एखादा सूर गायब होईल, आणि एका जागी प्रत्येक सूर सुटा आणि सारख्याच जोराचा ऐकू येईल. सबवूफरची जागा ती. आवाजाचं नातं दोन्ही बाजूंनी सारखं असतं, त्यामुळे तिथून वाजलेला सबवूफर सोफ्यावर तसाच ऐकू येतो. घरच्यांना हा प्रकार जरा चमत्कारिक वाटेल, पण एक संध्याकाळ सहन करा म्हणावं. याने होणारा फरक दहा हजारांनी महागडा रिसीव्हर आणून होणार नाही.

भावाच्या समाधानाचं मूळही इथेच सापडतं. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून उभी केलेली असतात. अशी भिंत खालच्या सुरांना किंचित लवते, त्यातली काही ताकद पिऊन टाकते आणि काही बाहेर जाऊ देते. त्यात पायाखाली बहुधा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. आपल्याकडे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचा काचेचा सरकता दरवाजा. बेस बाहेर जात नाही, तो आतच फिरत राहतो. उंच सूर फरशीवर आपटून पुन्हा कानावर येतात. भाऊ मनापासून कौतुक करतोय, पण ते कौतुक बरंचसं त्याच्या घराचं आहे, आणि ते घर बॅगेत घालून आणता येणार नाही.

शेजाऱ्यांचे संवाद. ५.१ च्या मिश्रणात संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमध्ये, म्हणजे सेंटरमध्ये ठेवलेले असतात. आपल्या घरांत हा बिचारा टीव्हीखालच्या युनिटच्या कप्प्यात, आत ढकलून बसवलेला असतो. पुढे दोन शोभेच्या वस्तू, मागे प्लायवूड, आणि तोंड बघणाऱ्याच्या गुडघ्यांकडे. त्याला कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा, खाली रबराचे दोन तुकडे देऊन तोंड कानांच्या दिशेने किंचित वर करा. समोर फरशीवर एक जाड सतरंजी टाका. एवढ्यानेच शब्द सुटे होऊ लागतात.

दुसरं कारण मेनूत लपलेलं असतं. काही जण सुरुवातीला पुढचे दोनच स्पीकर घेतात, बाकीचे पुढच्या दिवाळीला. पण रिसीव्हरच्या मेनूत सेंटर स्पीकर 'आहे' असंच राहून गेलेलं असतं. मग रिसीव्हर इमानेइतबारे सगळे संवाद त्या नसलेल्या स्पीकरकडे पाठवत राहतो आणि घरात फक्त पार्श्वसंगीत वाजतं. सेंटर 'नाही' असं सांगितलं, की तेच संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटले जातात आणि बरोबर मधोमध ऐकू येतात. टीव्हीच्या मेनूतही एकदा डोकवा. तिथे आवाजाचं सेटिंग 'पीसीएम' वर असेल, तर टीव्हीच्या एआरसी जोडणीतून रिसीव्हरपर्यंत दोनच चॅनेल पोचतात. ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' वर हवं. एआरसी ही सोय २००९ पासून आहे आणि ओटीटीवरचा ५.१ चा आवाज तिच्यातून नीट येतो. त्यानंतर आलेल्या ईएआरसीसाठी तुमचं बजेट ताणायची गरज मला वाटत नाही. ब्लू-रे प्लेअर असेल तर तो सरळ रिसीव्हरला जोडा, टीव्हीतून फिरवून आणू नका.

आणि तिसरं कारण सिनेमाच्या मिश्रणातच आहे. चित्रपटगृहातली ध्वनियंत्रणा अशी लावलेली असते, की एका मुख्य चॅनेलचा सर्वांत मोठा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. घरी आपण तेच मिश्रण वीस-पंचवीस डेसिबल खाली आणून ऐकतो, कारण वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. मग कुजबुज पंख्याच्या घरघरीखाली जाते आणि स्फोट मात्र वर राहतो. यासाठीच लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणारी सोय असते. डेनॉनमध्ये तिला 'डायनॅमिक व्हॉल्यूम' म्हणतात, यामाहामध्ये 'अ‍ॅडॅप्टिव्ह डीआरसी'. तिच्या जोडीला सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवून ठेवा. शेजाऱ्यांनाही सांगा, त्यांच्या घरी जाऊन स्वतः करून द्या. तक्रार तिथल्या तिथे निम्मी होईल आणि तुमचाही हात सरावेल.

खोक्यात एक छोटा माइकही येतो. आवाज मोजून स्पीकरची अंतरं आणि पातळ्या रिसीव्हर आपोआप लावून घेतो. डेनॉनमध्ये हे काम 'ऑडिसी' करतं, यामाहामध्ये 'वायपाओ'. मालकांच्या तक्रारी ऐकताना हा माइक कसा वापरला ते मी आवर्जून विचारतो. बहुतेकांनी तो सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवलेला असतो, आणि डोक्यावर पंखा गरगरत असतो. पंखा बंद, कुकर बंद, माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर कॅमेऱ्याच्या तिपाईला लावलेला, आणि खोलीत शक्यतो कुणी नाही, असं करा. मोजणी झाल्यावर रिसीव्हरने पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील, तर ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे वळवा. लहान स्पीकरवरचा आणि रिसीव्हरवरचाही ताण त्याने उतरतो. सबवूफरचं अंतर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो, तेव्हा तो आकडा टेपने मोजून 'दुरुस्त' करू नका.

साडूंचं मत मात्र दुसऱ्या ढिगातलं आहे. चौघांत ते मी सर्वांत गंभीरपणे घेईन. हे रिसीव्हर बहुधा एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालतात. हळू आवाजात ऐकतानाही त्यात बरीचशी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे वरची जाळी कोमट लागणं हा रोग नव्हे. पण अकोल्याचा मे महिना, पारा ४५ च्या घरात, आणि रिसीव्हर काचेचं दार लावलेल्या कप्प्यात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला, असं असेल तर तो बंद पडून स्वतःचा जीव वाचवतोय. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल अभियंत्यांचा एक ढोबळ हिशेब आहे, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे वर एक वीतभर मोकळी जागा सोडणं हीच त्याची सगळ्यात स्वस्त देखभाल. पुस्तिकेत वर, मागे आणि बाजूंना किती जागा सोडायची ते छापलेलं असतं. सुतार घरी यायच्या आधी ते पान उघडा.

जागा मोकळी असूनही तो मोठ्या आवाजातच बंद पडत असेल, तर साडूंना मागच्या वायरी बघायला सांगा. स्पीकरच्या वायरीचा केसाएवढा एक धागा शेजारच्या खुंटीला चिकटला, तरी रिसीव्हर 'प्रोटेक्ट' मध्ये जातो. जुन्या संचातले स्पीकर ३ ओहमचे असू शकतात, आणि हे रिसीव्हर ६ किंवा ८ ओहम धरून बनवलेले असतात. तसे स्पीकर लावले की तो प्रमाणाबाहेर करंट देऊन तापणारच. स्पीकरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर ओहम लिहिलेले असतात, ते वाचून घ्या.

टिकण्याबद्दल अजून दोन गोष्टी. रिसीव्हरात सर्वांत नाजूक भाग एचडीएमआयचा बोर्ड. आपल्याकडे वळवाच्या पावसात, कडाडणाऱ्या विजांच्या दिवसांत, गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून झटका सेट-टॉप बॉक्समध्ये येतो आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीने थेट रिसीव्हरात शिरतो. मेन स्विच बंद केलेला असला तरी ही वाट उघडीच राहते. विजा सुरू झाल्या की डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून ठेवा, आणि घराचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दुसरी गोष्ट मताच्या वयाची. पहिल्या आठवड्यातलं मत टीव्हीच्या पिचक्या आवाजाशी तुलना करून आलेलं असतं, तिथे कुठलाही रिसीव्हर जिंकतो. ज्याने एखादी दुरुस्ती करून घेतली आहे असा मालक शोधा, आणि किती दिवस लागले, सुटा भाग मिळाला का, ते विचारा. तसंच सर्व्हिसबद्दलची जुनी मतं तपासल्याशिवाय धरू नका. ओंक्योची मूळ जपानी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ते नाव आता दुसऱ्यांच्या हाती आहे. नाव तेच असलं तरी दहा वर्षांपूर्वीचा अनुभव आज तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

वॅटवरून होणाऱ्या वादांत मी फार वेळ घालवत नाही. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ चं उदाहरण घ्या. एकच चॅनेल, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि ०.९ टक्के विकृती चालवून घेतली तर १०० वॅट. दोन चॅनेल, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत आणि ०.०९ टक्के विकृती, अशी कडक परीक्षा घेतली तर ७० वॅट. दोन्ही आकडे खरे, आणि त्यांतला फरक कानाला जेमतेम दीड डेसिबलचा. ताकद दुप्पट केली तरी तीनच डेसिबल वाढतात. त्याऐवजी ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या जागी ९० चा स्पीकर घेतला तर तेवढीच वाढ फुकटात मिळते. तुमच्या १४ बाय १० च्या हॉलला यातला कुठलाही रिसीव्हर पुरून उरतो. पैसे स्पीकरवर, त्यातही सेंटर आणि सबवूफरवर जास्त लावा. जमत नसेल तर मागचे दोन स्पीकर सहा महिन्यांनी घ्या.

राहिला भावाचा प्रेमाचा आग्रह. तो मोडताना वाईट वाटेल, पण मोडा. अमेरिकेत विकला जाणारा रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये कुणी चुकून घातला, तर त्याच क्षणी कामातून जाईल. स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लावून तो चालतो, पण मग तो जड डबा कायम शेजारी, त्याची स्वतःची उष्णता आणि कधी कधी गुणगुण. घरातल्या कुणाला ही भानगड माहीत नसली तर धोका कायमचा. वॉरंटी तिथल्या देशापुरती. सात-आठ किलोंचं वजन बॅगेत, तेही आदळआपट सोसत. शिवाय अमेरिकेत एफएमची स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि विषम दशांशावर असतात, म्हणून तिथले काही रिसीव्हर १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतात. तुमच्या पुण्याची विविध भारती १०१.० वर आहे. सकाळी रेडिओ लावायची घरात सवय असेल तर हे रोज बोचेल.

तेव्हा रिसीव्हर इथलाच घ्या. तपकीर गल्लीत घ्या किंवा मोठ्या शोरूममध्ये, पण पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे मोजू नका. दुकानात पैसे द्यायच्या आधी त्या कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि याच मॉडेलचा एचडीएमआय बोर्ड मिळतो का ते विचारा. भावाला काहीतरी आणल्याशिवाय चैन पडणार नसेल, तर मोजमापाचा यूएसबी माइक आणायला सांगा. मिनीडीएसपीचा यूमिक-१ नावाचा एक मिळतो. प्रत्येक माइकची स्वतंत्र कॅलिब्रेशन फाइल असते, ती सीरियल नंबर टाकून उतरवून घ्यायची. लॅपटॉपवर 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, की ४० हर्ट्झपाशी तुमचा हॉल किती फुगतो आणि सोफा फूटभर पुढे घेतल्यावर तो फुगवटा किती उतरतो, ते आलेखात समोर दिसतं. हा माइक खिशात मावतो, आणि लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत असल्यामुळे त्याला व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही.